दोन यंत्रांचा करार

इलेक्ट्रॉनिक वजनकांट्यासारखीं पुष्कळ यंत्रें आपली माहिती तारेवरून एकामागून एक बिट अशा क्रमानें पाठवितात. ती घेऊन नेटवर्कवर पोंचविणाऱ्या दुभाष्यास डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. ह्या दोघांमध्यें ताल देणारी निराळी तार बहुधा नसते. म्हणून दोघांचे नियम अगोदरच एकसारखे ठरवावे लागतात.

पहिला नियम वेगाचा. फ्रेंच तारायंत्रज्ञ एमिल बोदो (१८४५–१९०३) ह्यांच्यावरून त्याच्या मापास बॉड हें नांव पडलें. ९६०० बॉड म्हणजे येथें सेकंदास ९६०० बिट. प्रत्येक अक्षरास आरंभाचा १, मजकुराचे ८ व शेवटचा १ असे १० बिट लागल्यास सेकंदास ९६० अक्षरें जातात. वेग न जुळल्यास सर्वच मजकूर निरर्थक होतो.

दुसरा नियम अक्षराच्या बांधणीचा. येथील चूक अधिक फसवी. कांटा आस्की संकेताचे ७ बिट व सम पॅरिटीचा पडताळा-बिट पाठवीत आहे, आणि सर्व्हरवर मात्र ८ बिट, पॅरिटी नाहीं, असें ठेविलें आहे, असें समजा. ०, ३, ५, ६, ९ हे अंक शुद्ध उमटतील. १, २, ४, ७, ८ बिघडतील. ७ च्या संकेतांत पांच एक आहेत. त्यांची संख्या सम करण्यास पडताळा-बिटही एक होतो, आणि सर्व्हर त्यास अंकाचाच भाग समजतो.

यास्तव वेग, अक्षराचे बिट, पॅरिटी व शेवटचे बिट हीं चारही यंत्राच्या माहितीपुस्तकाशीं ताडून पाहावींत, आणि दहाही अंक उमटतील अशीं वजनें ठेवून परीक्षा घ्यावी. एका अंकानेंही गिऱ्हाइकाची पावती खोटी ठरते.