तेल तरंगतं, मग तळाशी कसं पोचलं?

आजचा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू करूया. तेल तर पाण्यावर तरंगतं. मग दीड किलोमीटर खाली असलेल्या प्रवाळाला, म्हणजे पोवळ्याला, त्याचा त्रास का व्हावा?

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खणणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार गेले. समुद्रतळावरची विहीर पुढे ८७ दिवस तेल ओकत होती. बातम्यांत आपण तेलाने माखलेले पक्षी पाहिले. पण बरंच तेल वर आलंच नाही. बारीक थेंबांचा एक लोट सुमारे ११०० मीटर खोलीवर आडवा पसरला. त्यात थेट विहिरीच्या तोंडाशी तेल फोडणारं रसायन सोडलं गेलं, सुमारे २९ लाख लिटर! किनारा वाचवायचा होता, हे मान्य. पण प्रयोगशाळेत अशाच खोल पाण्यातल्या प्रवाळांवर हे रसायन नुसत्या तेलापेक्षा जास्त घातक ठरलं.

दुसरी वाट अन्नाची. तिथे काळोख असतो, त्यामुळे उथळ पाण्यातल्या प्रवाळासारखं शेवाळाकडून मिळणारं अन्न नाही. वरून सूक्ष्म जीवांचे अवशेष, विष्ठा, चिकट कण भुरभुरत येतात, ते पकडून हे प्रवाळ जगतात. आता बघा, त्याच कणांना तेल चिकटलं आणि खाली बसलं. म्हणजे ताटातच विष.

नोव्हेंबर २०१० मध्ये शास्त्रज्ञांना विहिरीपासून ११ किलोमीटरवर, १३७० मीटर खोलीवर तपकिरी, पिंजलेल्या कापसासारख्या थराने झाकलेलं प्रवाळ दिसलं. त्या थरातलं तेल याच विहिरीचं, हे रासायनिक तपासणीतून निघालं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या प्रवाळांना तारामाशाचा एक लांब हातांचा भाऊबंद वेटोळे घालून बसतो. जिथे तो होता, त्याच्या जवळच्या फांद्या जास्त सावरल्या. बहुधा तो घाण झाडत असावा.

बाकीच्या फांद्यांवर मात्र हायड्रॉइड नावाचे जीव वाढले आणि फांद्या तुटत गेल्या. त्याच त्याच वसाहतींचे फोटो दरवर्षी काढले, तर सात वर्षांनीही जास्त दुखावलेल्या वसाहतींची पडझड सुरूच होती. यातल्या सर्वांत जुन्या वसाहती ६०० वर्षांपर्यंतच्या, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या. तुटलेली फांदी परत तेवढी व्हायला किती पिढ्या जातील, तुम्हीच हिशेब करा.