रेलून चालवायची सायकल आणि पनवेलचे गतिरोधक

मोबाइलवर ‘रिकम्बंट बाइक’ शोधली की समोर येतात ती बहुतेक जिममधली यंत्रे. पाठ टेकायची, पाय पुढे करून पेडल मारायचे आणि अर्ध्या तासाने जिथे चढलो तिथेच उतरायचे. फिजिओथेरपिस्टकडेही हेच यंत्र असते. त्यामुळे रस्त्यावर धावणारी रिकम्बंट सायकल म्हटले की ऐकणारा आधी विचारतो, “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का?” सकाळी नवीन पनवेलच्या सेक्टरांतून किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कच्या बाजूने निवांत फेरी मारायला अशी सायकल घ्यावी म्हणणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही.

खरे तर ही सायकल गाजली ती वेगामुळे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या शर्यतपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या ‘वेलोकार’वर रेलून तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता, तो असा मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की रेलून चालवायची सायकल तिच्यात बसेना. ‘धोकादायक म्हणून बंदी घातली’ हे त्यानंतरचे ऐकीव. आक्षेप तिच्या घडणीला होता आणि बंदी शर्यतीपुरती. आपल्याकडे पेडलवर चालणारी सायकल मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत येत नाही, मग तिची चाके दोन असोत की तीन. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. एक्सप्रेसवे आणि अटल सेतूचे नाव मात्र काढू नये. तिथे मोटारसायकलींनाही मज्जाव आहे.

पण या विक्रमानेच दुसरा गैरसमज पेरला: जितकी खाली बसाल तितकी सायकल चांगली. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून शर्यतपटूला जमिनीलगत आडवे होण्याचा फायदा मिळतो. ताशी १२-१५ किलोमीटरने गप्पा मारत जाणाऱ्याला तो जवळपास मिळत नाही. त्याला मिळते ती खाली बसण्याची आणि त्याहून म्हणजे उठण्याची कसरत. पुढे दोन, मागे एक चाक असलेल्या ‘टॅडपोल’ तीनचाकीच्या खालच्या प्रकारांत बैठक जमिनीपासून २०-२५ सेंटीमीटरवर असते. ज्याला पाटावर बसून जेवणे जमते आणि हात न टेकता उठणेही जमते, त्याने ती खुशाल घ्यावी. बाकीच्यांनी ४० सेंटीमीटरच्या आसपास, साध्या खुर्चीच्या जवळ जाणारी बैठक शोधावी. मागे दोन, पुढे एक चाक असलेल्या ‘डेल्टा’ प्रकारात, म्हणजे आपल्या रिक्षाच्या रचनेत, ती सहसा अशी उंच असते.

तोल सांभाळावा लागत नाही, हेही अर्धेच खरे. तीनचाकीवर सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, पण ती दुचाकीसारखी कलत नाही. वळण वेगात घेतले तर आतले चाक उचलते आणि चालवणाऱ्याला वळणाच्या आतल्या बाजूला झुकावे लागते. दोनचाकी रिकम्बंटवर तर वर्षानुवर्षे सायकल चालवलेली माणसेही पहिल्या दिवशी शाळकरी पोरासारखी लटपटतात.

पनवेलमध्ये निवड करताना खरी कसोटी आहे गतिरोधकांची, आणि याबद्दल परदेशी माहितीपत्रके काही सांगत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येचा. ज्या तीनचाकीच्या पुढच्या-मागच्या चाकांत एक मीटर अंतर आहे ती त्यावर चढली, तर चाकांच्या मधोमध रस्ता आठ मिलिमीटरही वर येत नाही. पोट घासायचा प्रश्नच नाही. गल्लीतला गतिरोधक वेगळा: सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी सिमेंटचा ढीग थापून केलेला, हातभर रुंद आणि वीतभर नाही तरी चार बोटांहून उंच. तो अख्खाच दोन चाकांच्या मधे मावतो. १० सेंटीमीटरचा असा उंचवटा आणि नऊ सेंटीमीटरवर टेकलेले सायकलीचे पोट, की खर्रकन आवाज आलाच. तेव्हा दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन आपल्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात उर्मट गतिरोधक मोजावा. माणूस बसल्यावर सस्पेन्शनची सायकल आणखी दबते, हेही त्यात धरावे.

‘गुडघ्यांना आराम’ ही जाहिरात बेतानेच घ्यावी. साध्या सायकलवर पेडलवर फार तर शरीराचे वजन टाकता येते. इथे पाठीमागे टेकू असल्यामुळे त्याहून जास्त जोर लावता येतो, आणि जड गिअरमध्ये तो जोर गुडघ्याला भोवतो. उभे राहून पेडल मारण्याची सोय नसल्याने कर्नाळ्याच्या चढावर हलका गिअर टाकून सावकाश फिरवत जायचे. तीनचाकी कितीही हळू चालवली तरी पडत नाही, त्यामुळे चढ चढतो, फक्त वेळ लागतो. मापही आपले हवे. जमिनीवर भिंतीला पाठ लावून पाय सरळ पसरावेत आणि भिंतीपासून टाचेपर्यंतचे अंतर मोजावे. पेडलचा पुढचा दांडा त्यानुसार मागेपुढे होतो; पाय पूर्ण लांब गेल्यावर गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. टॅडपोलवर पाय पेडलवरून निसटून खाली लागला तर सायकल पुढे जाते आणि पाय मागे ओढला जातो. टाच धरून ठेवणारा पट्टा किंवा क्लीट ही चैन नव्हे.

मग दिसण्याचा प्रश्न. मोकळ्या रस्त्यावर ही विचित्र आकृती लोकांच्या नजरेत चटकन भरते, उलट फोटो काढायला गाड्या हळू होतात. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ ट्रेलरच्या नाकासमोर मात्र उंच झेंडा आणि दिवसाही चालू असलेला दिवा यांच्यावर भरवसा ठेवू नये. ही सायकल त्या रस्त्यासाठी नाही.

उरला घरचा हिशेब. टॅडपोलची रुंदी ८० सेंटीमीटरच्या आसपास, वजन १५ ते २० किलो. लिफ्टचे दार मोजल्याशिवाय पैसे भरू नयेत. घडी होणारी तीनचाकी महाग पडते, पण तिसऱ्या मजल्यावर तीच जाते. ही वस्तू परदेशातूनच येते असेही नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘एफिसायकल’ स्पर्धेसाठी दोन माणसांच्या तीनचाकी बनवत आले आहेत, आणि चांगल्या वेल्डरला रचना समजली की तो सांगाडा जोडू शकतो. बैलगाडीच्या चाकांसाठी एके काळी नाव कमावलेल्या पनवेलला चाकांचे काय सांगावे! पण एक आकडा कागदावर लिहून न्यावा. पुढची चाके बहुधा २० इंची असतात, आणि ‘२० इंच’ नावाचे टायर एकाच मापाचे नसतात. टायरच्या कडेवर ४०६ असेल तर मुलांच्या बीएमएक्स सायकलचा टायर बसतो. ४५१ असेल तर तो बसत नाही, आणि पावसाळ्यात पंक्चर झाल्यावर ही गोष्ट दुकानदाराकडून कळण्यापेक्षा आधीच माहीत असलेली बरी.