रजेने न फिटणारा शीण

विनामूल्य दवाखान्यात तळमळीने राबणारे स्वयंसेवकच कालांतराने चिडखोर व निरुत्साही होतात, हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी 1974 मध्ये नमूद केले. पुढे 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेस रोग न म्हणता व्यवसायजन्य घटना मानून शक्तिक्षय, कामाविषयीचा दुरावा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची लक्षणे सांगितली. आल्या माणसास आधी बसावयास सांगणारा कचेरीतला कारकून जेव्हा अर्जावरून मान वर न करता ‘उद्या या’ म्हणू लागतो, तेव्हा त्यास कामचुकार ठरविणे मला अन्यायाचे वाटते. रजा व झोप अवश्य घ्यावी. परंतु परतल्यावर मेजावर तोच ढीग आणि तेच अवेळी सुटणारे हुकूम असतील, तर तो विसावा फार दिवस टिकत नाही, म्हणून वरिष्ठांपाशी कामाची फेरवाटणी निःसंकोच मागावी, आणि मन फारच खचले असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.