लाकूड टिकले, खिळे गेले



आपल्या देणग्यांतून जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर बालवाडी उभी राहिली. तिच्या ओसरीचा कठडा गेल्या पावसाळ्यात निखळला. नातवाला न्यायला आलेल्या आजी त्याला टेकल्या आणि खाली पडल्या. त्यांचे मनगट मोडले. देवाच्या दयेने आता हात बरा आहे, आणि मी त्यांची क्षमा मागितली आहे. पण हे कशामुळे झाले ते आपल्यालाही कळले पाहिजे, कारण पैसे आपण दिले होते आणि खरेदी मी केली होती.

वाळवीला कंटाळून आम्ही औषध भरलेले लाकूड घेतले होते. अशा लाकडात कारखान्यात दाबाने औषध मुरवतात. त्यात बहुधा तांब्याचे क्षार असतात, म्हणून ते हिरवट दिसते. तीन पावसाळ्यांनंतरही त्याला वाळवी शिवली नव्हती. सुतारदादांनी जोड उघडून दाखवला आणि म्हणाले, "ताई, लाकूड ठणठणीत आहे. खिळाच उरला नाही."

मोरचुदाचे पाणी लोखंडी बादलीत कालवू नये, हे बागेत फवारणी करणारा कोणीही सांगेल. त्यात विळा बुडवला तर पात्यावर तांबूस थर चढतो. तांबे वर बसते आणि लोखंड विरघळते. ओल्या लाकडाच्या आत हेच सावकाश घडते. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग लोखंड. लाकूड कोरडे असेल तर धोका कमी. पण जव्हारच्या पावसात ओसरी चार महिने भिजते.

मी घेतलेले खिळे आणि स्क्रू चकचकीत होते. चकाकी म्हणजे मजबुती, असे मला वाटले. तो विजेने चढवलेला मुलामा असतो, साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट-डिप गॅल्वनाइज्ड बोल्टवर ४०-५० मायक्रॉन किंवा जास्त थर असतो. तो दिसायला मात्र राखाडी आणि खरबरीत. जाड थरामुळे त्याचे आटे वेगळे बसतात, म्हणून नट आणि बोल्ट जोडीनेच घ्यावेत.

जिथे माणसाचा भार येतो, म्हणजे कठडा, पायऱ्या, झोपाळा, तिथे आता आम्ही स्टेनलेस स्टील वापरतो. आतल्या भागात ३०४ पुरते. त्याच्या बोल्टच्या डोक्यावर बहुधा 'ए२' कोरलेले असते. डहाणू-वसईच्या किनाऱ्यावर खारी हवा लागते, तिथे ३१६, म्हणजे 'ए४' घ्यावे. एका जोडात एकच धातू ठेवावा. स्टेनलेस बोल्टखाली जस्ताचा वॉशर घातला तर वॉशर लवकर खराब होतो. ॲल्युमिनियमची पट्टी अशा लाकडाला थेट लावू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. या लाकडाचे तुकडे कधीही चुलीत घालू नयेत. काही औषधांत आर्सेनिक असते आणि धूर व राख दोन्ही विषारी होतात. पाड्यावर सरपण म्हणून उरलेले तुकडे लगेच उचलले जातात, म्हणून काम संपले की आम्ही ते मोजून परत नेतो.

दाविदाने मंदिर बांधले नाही, पण दारांच्या खिळ्यांसाठी पुष्कळ लोखंड तयार ठेवले, असे १ इतिहासाच्या २२व्या अध्यायात आहे. हा तपशील मी अनेकदा वाचला होता, पण अंदाजपत्रक करताना खिळ्यांना 'किरकोळ' या सदरात टाकले.

यापुढे आमच्या अंदाजपत्रकात 'खिळे व बोल्ट' अशी वेगळी ओळ आपल्याला दिसेल. रक्कम पूर्वीपेक्षा मोठी असेल. ती पाहून कृपया कमी करायला सांगू नका. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, आम्ही इतर बालवाड्यांचे कठडेही एकेक बोल्ट काढून तपासणार आहोत. त्या कामासाठी आणि आजींसाठी प्रार्थना करावी.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण