मातीचं शिल्प, माशीचं घर: पण मोजायचं काय?

बागेत भाजलेल्या मातीचं शिल्प, त्याला भोकं आणि खाली पाटी: ‘परागवाहक कीटकांसाठी’. दिसायला छानच. पण संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हाला दोन प्रश्न पडायलाच हवेत. कोणासाठी? आणि कशावरून?

आधी ‘कोणासाठी’ बघू. माशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. पण जगातल्या २०,००० हून जास्त मधमाशी-जातींपैकी बहुतेक एकेकट्या राहतात आणि त्यातल्याही बऱ्याचशा जमिनीत बीळ करतात. त्यांना शिल्पापेक्षा मोकळ्या मातीचा तुकडा हवा. भोकात घर करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मेगाकाइली. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कातरते ती हीच. तुरीच्या फुलांवरही येते.

आता माप. बहुतेक वेळा मादी मागच्या कप्प्यांत मादीची अंडी घालते, पुढे नराची. भोक उथळ असेल तर नरच जास्त निपजतात. म्हणून साधारण १५ सेंटिमीटर खोली आणि मागची बाजू बंद हवी. व्यासाचं गणित मातीवर अवलंबून. ओल्या पट्टीवर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, पट्टी वाळवून भाजा आणि रेघ पुन्हा मोजा. ती ९१ भरली, तर ८ मिलिमीटरच्या भोकासाठी ओल्या मातीत ८.८ चं भोक पाडावं लागेल. आतून झिलई मात्र देऊ नका. ओल शोषली जात नाही आणि कप्प्यांत बुरशी धरू शकते.

मग ‘कशावरून?’ इथेच खरी परीक्षा आहे. टोरांटोत मॅकआयव्हर आणि पॅकर यांनी तीन वर्षं सुमारे ६०० ‘बी हॉटेल्स’ तपासली. २०१५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: तिथल्या स्थानिक गांधीलमाश्या मधमाश्यांपेक्षा जास्त होत्या. म्हणजे ‘भोकं भरली’ याचा अर्थ ‘मधमाश्या वाढल्या’ असा होत नाही. गांधीलमाश्या वाईट असं नाही, पण तुमचा दावा वेगळा होता ना?

म्हणून मोजणी ठरवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बाहेर पडलेल्या माश्या मोजा, बुजलेली भोकं नव्हे. आत परजीवीही असू शकतात.

दोन, तुलनेला तशीच पण शिल्प नसलेली बाग हवी.

तीन, एका शिल्पात ६० भोकं म्हणजे ६० नमुने नव्हेत. ऊन, पाऊस, आजूबाजूची फुलं सगळ्यांना एकच, त्यामुळे नमुना एकच. दहा बागांतली दहा शिल्पं हे खरे दहा नमुने. हा फरक प्रस्ताव लिहितानाच कळला, तर दोन वर्षांची मेहनत वाचते.

शिल्प सुंदर असायला काहीच हरकत नाही. फक्त पाटीवरचं वाक्य तुमच्या मोजणीने पेललं पाहिजे.