तक्रार अर्जाचं पुढे काय झालं?

पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रार अर्जाचा ठाण्याच्या आतही एक प्रवास असतो. अर्जदाराला तो कधीच दिसत नाही. बारनिशीत नोंद होऊन आवक क्रमांक पडतो. वरिष्ठ निरीक्षक समासात एखाद्या अधिकाऱ्याचं नाव लिहितात आणि अर्ज त्या अधिकाऱ्याकडे किंवा बीट अंमलदाराकडे चौकशीला जातो. जबाब घेतले जातात किंवा घेतले जात नाहीत. शेवटी एक छोटा अहवाल तयार होतो, आणि त्याचा समारोप बहुधा ठरलेला असतो: प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे, बाब अदखलपात्र असल्यानं अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली, अर्जात तथ्य आढळलं नाही, सबब दप्तरी दाखल. अर्जदार या काळात ठाण्याच्या बाकावर बसून 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' एवढंच ऐकत असतो.

गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दरवर्षी छापून येते, पण तिच्यात फक्त नोंदवलेले गुन्हे असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. ही चांगलीच सोय झाली; मात्र जो अर्ज एफआयआरपर्यंत पोचलाच नाही, तो ना संकेतस्थळावर दिसतो ना आकडेवारीत. त्या अर्जाचं काय झालं हे कागदावर मिळवण्याचा सामान्य माणसाला परवडणारा मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो वापरता येतो. 12 ऑक्टोबर 2005 रोजी केंद्राचा कायदा लागू झाला, त्याआधीच महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, आणि त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. त्याच सुरुवातीच्या काळात मुंबईच्या शैलेश गांधी यांनी पोलिसांच्या बदल्यांसाठी मंत्री-आमदारांनी दिलेल्या शिफारसपत्रांची माहिती मागितली आणि चिकाटीनं मिळवली. पुढे ते केंद्रीय माहिती आयुक्त झाले.

माहिती मागण्याआधी पोलिसांवर कोणतं बंधन आहे ते माहीत हवं. 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की, तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा, भ्रष्टाचार किंवा तक्रारीला फार उशीर झालेला असणं अशा काही प्रकारांतच आधी प्राथमिक चौकशी करता येते. या निकालातल्या दोन गोष्टींकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की तिचं प्रतिबिंब स्टेशन डायरीत पडलंच पाहिजे. आणि प्राथमिक चौकशीनंतर तक्रार बंद केली, तर त्या नोंदीची प्रत थोडक्यात कारणांसह तक्रारदाराला आठवड्याच्या आत दिली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173 नुसार 3 वर्षं किंवा त्याहून जास्त, पण 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे ती परवानगीही कागदावर असायला हवी. जी गोष्ट कागदावर असायला हवी, ती मागता येते.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बहुतेक अर्जदार रागानं लिहितात: 'माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही? दोषी अधिकाऱ्यावर काय करणार?' राग रास्त आहे, पण माहिती अधिकार कायदा अस्तित्वात असलेली नोंद देतो, खुलासा किंवा मत देत नाही. 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. त्याऐवजी असं लिहावं: 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर झालेल्या दैनंदिन प्रगतीचा तपशील, तो अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे होता, अर्जावरील सर्व शेरे, नोंदवलेले जबाब, चौकशी अहवाल आणि त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतील संबंधित नोंद यांच्या साक्षांकित प्रती.' दैनंदिन प्रगती विचारण्याची ही पद्धत दिल्लीत 'परिवर्तन' संस्थेनं रेशनकार्डासारख्या कामांसाठी रुळवली. पोलिसांकडेही ती तितकीच चालते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा कैफियत लिहायला जागा नसतेच. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचीही गरज नाही. कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. आणि मूळ तक्रार देताना स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये, कारण पुढचं सगळं त्या क्रमांकावर उभं राहतं.

उत्तराला मुदत 30 दिवसांची. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर 48 तासांची. घरातलं माणूस ताब्यात घेतलं आहे आणि त्याच्या अटकेची नोंदच कुणी दाखवत नाही, अशा वेळी अर्जाच्या सुरुवातीलाच हे ठळकपणे लिहावं.

नकार येतो तेव्हा बहुधा कलम 8(1)(ज) पुढे केलं जातं: 'तपास चालू आहे.' दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. एस. रवींद्र भट यांनी 2007 मध्ये भगतसिंग प्रकरणात हा मुद्दा नीट सोडवला. तपास चालू असणं हे नकाराला पुरेसं कारण नाही. माहिती दिल्यानं तपासात नेमका कसा अडथळा येईल, हे अधिकाऱ्यानं दाखवून दिलं पाहिजे. पहिल्या अपिलात हाच मुद्दा मांडावा. केस डायरी मात्र मागू नये, तिला कायद्यानंच संरक्षण आहे. साक्षीदार किंवा खबऱ्याची ओळख उघड होईल असं काही मागणंही योग्य नाही. एखाद्या कागदाचा काही भाग गोपनीय असेल, तर तेवढा झाकून उरलेला द्यावा, असं कलम 10 सांगतं.

तपास संपल्यावरची एक जागा महाराष्ट्रात महत्त्वाची आहे. इथे आरोपपत्र दाखल होणार नसेल तर न्यायालयात समरी जाते. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर 'अ'. तक्रार जाणूनबुजून खोटी, तर 'ब'. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची, तर 'क'. आपल्या गुन्ह्यात 'ब' समरी मागितली आहे हे अनेकांना फार उशिरा कळतं. खोटी तक्रार केल्याचा डाग त्यांच्या नावावर पडत असतो आणि त्याविरुद्ध न्यायालयात म्हणणं मांडण्याची संधी निसटत असते. म्हणून समरीची तारीख, वर्ग आणि प्रत आवर्जून मागावी.

तक्रार पोलिसाविरुद्धच असेल तर वाट अधिक खडतर होते. अधिकाऱ्याची विभागीय चौकशी ही 'वैयक्तिक माहिती' ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात दिला. नोव्हेंबर 2025 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे अशा वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8(1)(ञ) आणखी आखूड झालं. त्यात आधी असलेला व्यापक जनहिताचा उल्लेख गेला. तो बदल मला नागरिकांच्या विरोधातला वाटतो. तरीही कलम 8(2) शाबूत आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर सूट मिळालेली माहितीही देता येते. त्यामुळे असा अर्ज लिहिताना अधिकाऱ्याची सेवापुस्तिका न मागता स्वतःच्या तक्रारीवरचा निष्कर्ष आणि त्याला आधारभूत कागद मागावेत.

त्या कागदांचा उपयोग पुढे होतो. प्रकाश सिंग प्रकरणात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रानं 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर तशी तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अशा तक्रारी तिथे नेता येतात. हाती चौकशी अहवालाची साक्षांकित प्रत असेल, तर तिथलं म्हणणं पोकळ राहत नाही.

हे सगळं सांगताना तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांना विसरता येत नाही. जमीन गैरव्यवहार उघडकीला आणणारे शेट्टी यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. 13 जानेवारी 2010 च्या सकाळी त्यांचा खून झाला. संरक्षणाचा असा अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस राहतो, हा प्रश्न कुणाच्या तरी जगण्यामरण्याचा असतो. स्थानिक गुंडाविरुद्ध किंवा खुद्द ठाण्यातल्या माणसाविरुद्ध माहिती मागायची असेल तर एकट्यानं जाऊ नये. तोच अर्ज वेगवेगळ्या गावांतून चार-पाच जणांनी टाकला, की एकाच माणसावर रोख राहत नाही.

अपिलाचा हिशेब मात्र जड आहे. पहिलं अपील 30 दिवसांच्या आत, दुसरं 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. दोन्हींना 20 रुपयांचा स्टॅम्प. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड करू शकतो. पण महाराष्ट्राच्या आयोगापुढे अलीकडच्या वर्षांत लाखाच्या आसपास प्रकरणं तुंबलेली आहेत, आणि दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला वर्ष उलटतं. दुसरीकडे, डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण 18 महिने जपायचं असतं. मारहाण ठाण्यातच झाली असेल, तर सुनावणीची वाट पाहता पाहता पुरावा पुसला जाऊ शकतो. म्हणून चित्रणासाठी माहिती अर्ज टाकतानाच, ते जपून ठेवावं असं लेखी पत्र ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना त्याच दिवशी द्यावं.

खरं तर यातलं पुष्कळसं कुणाला मागायला लागूच नये. कलम 4 प्रत्येक कार्यालयाला आपणहून माहिती जाहीर करायला सांगतं. दर महिन्याला ठाण्यात किती तक्रार अर्ज आले, त्यांतल्या किती अर्जांवर गुन्हा नोंदला, किती अदखलपात्र ठरले, किती दप्तरी दाखल झाले आणि किती अजून चौकशीवर आहेत, हे पाच आकडे प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावायला वेगळा कायदा लागत नाही. ग्रामसभांनी आणि मोहल्ला समित्यांनी ही मागणी आपल्या ठाण्याकडे लेखी करावी, आणि त्या अर्जाचाही आवक क्रमांक घ्यावा.