मोठ्यांसमोर छोटा धंदा : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात मसाले तयार करणारी उद्योजिका आणि येवल्यात दोन मागांवर पैठणी विणणारं कुटुंब, दोघांचा धंदा वेगळा, पण कोंडी सारखीच. समोर टीव्हीवर झळकणारा ब्रँड असतो, नाहीतर शोरूमची साखळी. मोठी कंपनी जाहिरात करकरून ग्राहकाचा विश्वास मिळवते. छोट्याला तो विश्वास पुरावा देऊन मिळवावा लागतो. हा पुरावा कसा द्यायचा, याबद्दल मात्र बरेच चुकीचे समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज १ : जाहिरातीला पैसा नसेल तर नाव होत नाही.

वस्तुस्थिती : नाशिकमधलं सर्वांत ठळक उदाहरण अशा मालाचं आहे, ज्याची टीव्हीवर जाहिरात करायलाच मनाई आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार मद्याची जाहिरात दाखवता येत नाही. गंगापूर धरणाजवळ सावरगावात राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी उभी केली आणि २००० मध्ये तिची पहिली वाइन आली. तेव्हा भारतीय वाइन म्हटलं की नारायणगावची शातो इंडाज आणि बेंगळुरूची ग्रोव्हर ही नावं पुढे येत. सुला नवखी होती. बहुतेक लोकांनी वाइन चाखलेलीही नव्हती, त्यामुळे नुसत्या फलकाने काम भागणारं नव्हतं. २००५ मध्ये सुलाने वायनरीतच टेस्टिंग रूम उघडली. लोक यायचे, द्राक्षबाग बघायचे, घोट चाखायचे, बाटली घेऊन जायचे आणि मित्रांना सांगायचे. २००८ पासून सुलाफेस्ट सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

यातून 'मार्केटिंग फुकटात होतं' असा अर्थ मात्र काढू नये. वायनरीला भांडवल लागलं आणि राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाचाही या उद्योगाला आधार मिळाला. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की पैसा आधी ग्राहकाला माल अनुभवू देण्यावर खर्च झाला. मसालेवालीला टेस्टिंग रूम परवडणार नाही. पण प्रदर्शनाच्या स्टॉलवर त्याच मसाल्याची गरम आमटी वाटीभर चाखायला देणं तिला सहज जमेल.

गैरसमज २ : मोठ्यांपेक्षा स्वस्त दिलं की गिऱ्हाईक आपलंच.

वस्तुस्थिती : स्वस्ताई हे मोठ्यांचं मैदान आहे. ते कच्चा माल घाऊक घेतात, वाहतूक स्वस्तात करतात आणि गरज पडली तर काही महिने तोटाही सोसतात. छोटा त्यांच्याशी दरात भिडला की आधी त्याचाच दम संपतो.

येवल्याच्या विणकरांकडे पाहा. हातमागावरच्या एका पैठणीला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. यंत्रमागावरची नक्कल त्याच्या अगदी थोड्या भागाच्या किमतीत मिळते. तिच्याशी दराने लढणं म्हणजे स्वतःची मजुरी शून्यावर आणणं. इथे फरक दाखवावा लागतो. हाताने विणलेल्या पदराची नक्षी उलट बाजूनेही तशीच दिसते, यंत्रावरच्या नकलेत मात्र मागे सुटे धागे लोंबतात. ग्राहकाला पदर उलटून दाखवला की अर्धं काम होतं. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्क आणि हातमागाच्या खात्रीसाठी हँडलूम मार्क, ही सरकारी व्यवस्थेची चिन्हं लहान विणकरालाही मिळवता येतात. दर जास्त का आहे, हे ग्राहकाला डोळ्यांनी दिसलं की घासाघीस कमी होते.

गैरसमज ३ : 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावली की नाव सुरक्षित.

वस्तुस्थिती : पाटीने ग्राहक सावध होईल, पण कायदेशीर हक्क नोंदणीने भक्कम होतो. ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी जुन्या वापराच्या आधारावर दाद मागता येते. मात्र मग जुनी बिलं, जाहिराती, परवाने गोळा करून तो वापर सिद्ध करत बसावं लागतं. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये ठेवलं, इतरांसाठी ९,०००. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

नाव निवडताना काळजी घ्या. 'नाशिकचा चिवडा' यासारखं फक्त गाव आणि माल सांगणारं नाव एकट्याच्या मालकीचं होणं अवघड. कायदा अशा वर्णनात्मक नावांना सहसा नोंदणी देत नाही. वेगळं, स्वतःचं असं काही त्यात हवं.

पैठणी, नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन आणि लासलगावचा कांदा यांना भौगोलिक मानांकन आहे. पण तेही समूहाचं असतं. त्याचा फायदा घ्यायचा तर उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. मानांकन मिळालं म्हणून ग्राहक आपोआप दारात येत नाही.

गैरसमज ४ : सुरुवातीला चार-दोन रिव्ह्यू विकत घेतले तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि दाखवावेत, याचं भारतीय मानक आयएस १९००० : २०२२ या नावाने आलं आहे. असे विकतचे अभिप्राय दिशाभूल करणारी जाहिरात ठरले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. खोटे अभिप्राय गूगलही काढून टाकतं. गूगलवर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. पत्ता, वेळ आणि फोटो बरोबर ठेवा, समाधानी ग्राहकाला अभिप्राय लिहायला सांगा आणि तक्रारीला नीट उत्तर द्या. तक्रारीला दिलेलं सरळ उत्तर पुढचा ग्राहक वाचतो.

गैरसमज ५ : आपली गिऱ्हाइकं थोडी, पण पक्की. नवी शोधायची गरज नाही.

वस्तुस्थिती : हा समज सुखाचा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. समाजशास्त्रज्ञ विल्यम मॅकफी यांनी १९६३ मध्ये एक नियम मांडला आणि पुढे अँड्र्यू एरनबर्ग यांनी तो रोजच्या वापराच्या मालात वारंवार तपासला. लहान ब्रँडला दुहेरी फटका बसतो. त्याचे ग्राहक कमी असतात आणि ते ग्राहकही त्याचा माल थोडा कमी वेळा घेतात. कारण साधं आहे. आपला चिवडा नेणारा माणूस मोठ्या कंपनीचं पाकीटही घेतच असतो, कारण ते प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेलं असतं. म्हणून जुन्यांना जपतानाच दर महिन्याला नव्या लोकांपर्यंत पोहोचावं लागतं. नवी किराणा दुकानं, सोसायट्या, लग्नाच्या ऑर्डरी, कार्यालयांची कॅन्टीनं अशी दारं ठोठावत राहावं लागतं.

गैरसमज ६ : एकत्र आलो तर आपली ओळख जाईल.

वस्तुस्थिती : दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स याच्या उलट सांगते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. युरोपातला खरेदीदार प्रत्येक खेपेचा अंशतपासणी अहवाल मागतो आणि द्राक्षं कोणत्या बागेतली हेही त्याला कळावं लागतं. हा पुरावा, शीतगृह आणि सातत्याचा पुरवठा एकट्या लहान बागायतदाराला झेपत नाही. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी उभी केली आणि द्राक्षनिर्यातीतून सुरुवात करून प्रक्रिया उद्योगापर्यंत मजल मारली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्या उपकंपनीत सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. शेतकरी आपल्या बागेचा मालक राहिला आणि कंपनीचा भागधारकही झाला. मसाले किंवा पापड करणाऱ्यांनाही तपासणी, पॅकिंग आणि वाहतूक एकत्र करून चव आणि नाव आपलं ठेवता येतं.

२०२७ च्या सिंहस्थात नाशिकला प्रचंड गर्दी होईल. त्या गर्दीत विक्री सगळ्यांचीच होईल, पण पाकिटावर नाव, पत्ता आणि पुन्हा मागवण्यासाठी नंबर नसेल तर ग्राहक गोदाकाठीच सुटेल. म्हणून आधी ट्रेडमार्कचा अर्ज करा, गूगलवरची नोंद तपासा आणि आपला माल वेगळा का, हे ग्राहकाला एका मिनिटात दाखवता येतं का ते पाहा. येत नसेल, तर जाहिरातीवर रुपयाही खर्च करू नका. आधी तो पुरावा तयार करा.